हात मागे! वेळासच्या किनाऱ्यावर चौदा मुलांसोबत पाच दिवस

आमच्या बालवाचनालयाचं उन्हाळी शिबिर आजवर सोसायटीच्या हॉलमध्येच व्हायचं. निसर्गाचा एक दिवस ठरलेला असायचा. ‘झाडे लावा, झाडे जगवा’ अशी भित्तिचित्रं रंगवायची, संध्याकाळी आईबाबांना बोलवायचं, खाऊ वाटायचा. गेल्या वर्षी एका चित्रात मुलांनी समुद्रातलं कासव काढलं होतं आणि त्याला चार जाडजूड पाय होते. समुद्री कासवाला पाय नसतात, वल्ह्यांसारखे पर असतात, हे एकाही मुलाला ठाऊक नव्हतं. ते चित्र वर्षभर कपाटावर राहिलं आणि दर वेळी नजरेला पडलं की मला वाटायचं, यांना नेलं पाहिजे. जिथे एखादं गाव समुद्री कासवं जपायचं काम रोजच्या रोज करतं, तिथे नेलं पाहिजे.

म्हणून एप्रिलच्या शेवटी आम्ही वेळासला गेलो. रत्नागिरी जिल्हा, मंडणगड तालुका, सावित्री नदीच्या मुखापासून थोडं दक्षिणेला. मुलं चौदा, वय नऊ ते तेरा. निम्मी सोसायटीतली, निम्मी मागच्या वस्तीतली. ज्यांना जमेल त्यांनी दीडपट वर्गणी द्यायची, ज्यांना जमणार नाही त्यांनी नुसतं यायचं, असं पालकांनीच बसून ठरवलं. मोठी माणसं चार: मी, वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आमचे सर, आणि कॉलेजात जाणारे एक दादा नि एक ताई. हे दोघेही आमच्याच वाचनालयात लहानाचे मोठे झालेले. मोबाइल फक्त मोठ्यांकडे. निघण्याआधी प्रत्येक मुलाने स्वतःसाठी एका प्राण्याचं, पक्ष्याचं नाहीतर झाडाचं नाव निवडलं आणि पाच दिवस त्याच नावाने हाक मारायची असं ठरलं. त्यामुळे या लिखाणातही टिटवी, खंड्या, धनेश, शेकरू, सुरंगी हीच मंडळी भेटतील. सगळ्यांत धाकट्याने ‘कुर्ली’, म्हणजे खेकडा, हे नाव घेतलं. का, ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

दिवस पहिला

पहाटे साडेपाचला पुणं सोडलं. ताम्हिणी घाटात करवंदं विकायला बायका बसल्या होत्या. पानांच्या द्रोणातली काळीभोर करवंदं खाऊन सगळ्यांचे ओठ चिकट झाले. माणगावला नाश्ता. तिथून म्हसळ्याच्या रस्त्याला लागलो, तेव्हा सरांनी गाडी थांबवायला लावली. कडेला ताम्हण फुललं होतं, जांभळ्या रंगाचे तुरेच्या तुरे. हे आपलं राज्यपुष्प, हे मुलांना पुस्तकातून माहीत होतं, पण झाड पाहिलेलं कुणीच नव्हतं. सरांनी फूल तोडलं नाही. खाली पडलेलं एक उचललं आणि हातोहात फिरवलं. त्या चुरगळलेल्या, क्रेप कागदासारख्या पाकळ्या चौदाव्या हातात पोचेपर्यंत सुकल्या होत्या.

बागमांडल्याहून वेसवीला जायला फेरीबोट आहे. गाडीसकट बोटीवर चढायचं, दहापंधरा मिनिटांत पलीकडे. मुलांसाठी हा प्रवासातला सगळ्यांत मोठा सोहळा. सरांनी मधोमध उभं राहून विचारलं, “हे पाणी कुठून आलं?” कुणी म्हणालं समुद्रातून, कुणी म्हणालं पावसातून. ही सावित्री, महाबळेश्वरला उगवते, हे सांगितल्यावर टिटवी म्हणाली, “आम्ही तिथे स्ट्रॉबेरी खायला गेलो होतो.” तेवढ्यात किनारा आला.

वेळासमध्ये हॉटेलं नाहीत. गावातली घरंच पाहुण्यांना उतरवून घेतात. आमच्या काकूंच्या घरी शेणाने सारवलेलं अंगण, त्यावर माडाच्या झावळ्यांचा मांडव, मागे रहाट. जेवायला फणसाची भाजी, तांदळाची भाकरी, आमटी-भात आणि सोलकढी. आपापलं ताट आपण घासायचं हा पहिला नियम. काकूंना तो पटला नाही (“पाहुण्यांनी ताटं घासायची म्हणजे काय गो!”), पण दुसऱ्या दिवसापासून त्याच राखेचा डबा पुढे करून ठेवू लागल्या.

संध्याकाळी पाचला किनाऱ्याकडे निघालो. गावातून किनारा दिसत नाही. शेतातून, मग सुरूच्या बनातून चालत जावं लागतं. आवाज आधी येतो, समुद्र नंतर. वाळूवर जाळीचं कुंपण घातलेला एक चौकोन होता. कासवांची अंडी आणून राखायच्या या जागेला हॅचरी म्हणतात. आत ओळीने छोट्या पाट्या रोवलेल्या: घरट्याचा क्रमांक, अंडी घातल्याची तारीख, अंड्यांची संख्या. हंगाम संपत आला होता. बहुतेक पाट्यांखालची घरटी रिकामी झालेली. सत्तावीस, एकोणतीस आणि एकतीस एवढीच तीन उरली होती आणि त्यातल्या दोनांवर बांबूच्या टोपल्या पालथ्या घातलेल्या होत्या. दिवस भरत आले की टोपली ठेवतात. पिल्लं वाळूतून वर आली तर इकडेतिकडे जाऊ नयेत आणि कावळ्यांना दिसू नयेत, म्हणून.

गावात या कामाची जबाबदारी घेतलेल्यांना कासवमित्र म्हणतात. आमच्याशी बोलले ते चाळिशीचे, कमी बोलणारे. मुलांनी लगेच दादा म्हणायला सुरुवात केली. त्यांनी दोरीच्या अलीकडे सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि एकच सूचना दिली:

“हात मागे.”

मुलांनी हात पाठीमागे बांधले. दादांनी पहिली टोपली उचलली. काही नाही. दुसरी उचलली. काही नाही. टोपल्या परत ठेवल्या आणि म्हणाले, “आज नाही. उद्या सकाळी सातला या.”

कुर्लीच्या डोळ्यांत पाणी आलं. सात तासांचा प्रवास करून आलोय, मग पिल्लं का आली नाहीत? मला काही सांगता येईना. दादा त्याच्यापाशी वाकून म्हणाले, “अरे, मी तर नोव्हेंबरपासून येतोय रोज.”

दिवस दुसरा

सकाळी सात. टोपल्या उचलल्या. नाही.

पण आता दादांना वेळ होता आणि मुलंही झोपेतून पुरती जागी झालेली नव्हती, त्यामुळे शांत होती. त्यांनी वाळूत बसून एक खड्डा खणायला सुरुवात केली. कासवीण कशी खणते ते दाखवण्यासाठी. वरून तोंड अरुंद, खाली पोट फुगलेलं, सुरईसारखा आकार. दीडेक फूट खोल. ती हे मागच्या दोन परांनी करते, आणि तिला ते दिसतसुद्धा नाही. एक पर वाळू उचलून बाजूला टाकतो, मग दुसरा. अंगाचा तोल एका बाजूला, मग दुसऱ्या. खंड्याने पाठ फिरवून, मागे न बघता दोन्ही हातांनी तसाच खड्डा करून पाहिला. त्याचा सारखा ढासळत होता. मग सगळ्यांनी केले. तासाभराने त्या पट्ट्यात चौदा वेडेवाकडे खड्डे होते, एकही सुरईसारखा नव्हता, आणि “तिला हे कोण शिकवतं?” हा प्रश्न कुणीही न शिकवता आला होता.

ही ऑलिव्ह रिडले कासवं. नोव्हेंबर ते मार्च माद्या रात्री किनाऱ्यावर येतात, शंभर-सव्वाशे अंडी घालतात, वाळू लोटून खड्डा बुजवतात, वरून पोटाने थोपटतात आणि निघून जातात. पुन्हा त्या घरट्याकडे बघत नाहीत. किनाऱ्यावर मागे राहतो तो फक्त त्यांच्या परांचा माग, ट्रॅक्टरच्या चाकासारखा. कासवमित्र पहाटे उजाडायच्या आत तो माग काढत जातात, कारण कुत्री आणि कोल्हे त्यांच्याआधी पोचतात. मग अंडी हॅचरीत हलवायची. ती हलवताना फिरवायची नाहीत, जशी निघाली तशीच ठेवायची आणि काही तासांच्या आतच. आत जीव धरायला लागल्यावर अंडं उलटंपालटं झालं तर तो दगावतो. नवा खड्डाही तेवढाच खोल, तसाच सुरईसारखा. मग पंचेचाळीस ते पंचावन्न दिवस वाट बघायची.

सुरंगीने विचारलं, “पूर्वी पण तुम्ही असंच करायचात का?”

दादा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “नाही. पूर्वी अंडी खणून न्यायचे. खायला, विकायला. माग काढायची विद्या तेव्हाचीच आहे. माझ्या बापाला अंधारातसुद्धा कळायचं घरटं कुठे आहे ते.” आणि खड्डा बुजवत म्हणाले, “विद्या तीच, उपयोग उलटा.”

मला पाच दिवसांतलं सगळ्यांत मोलाचं वाक्य हेच वाटतं. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसं, भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, समुद्री गरुडांची पाहणी करत या किनाऱ्यावर आली, तेव्हा त्यांना फोडलेली घरटी दिसली. त्यांनी गावाला चोर ठरवलं नाही. ज्यांना माग काढता येत होता, त्यांनाच राखणीला घेतलं. पुढे २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे घराघरांत उतरू लागले, आणि अंड्यांपेक्षा पिल्लांतून गावात चार पैसे जास्त येऊ लागले. आता हे काम वन विभागाच्या देखरेखीखाली गावकरी करतात, आणि कोकणच्या इतरही अनेक किनाऱ्यांवर चालतं. माणसाला आपलंसं केल्याशिवाय प्राणी वाचत नाही, हे मी हॉलमधल्या शिबिरांत कधी शिकवलं नव्हतं.

दुपारी ऊन मी म्हणत होतं. मांडवाखाली सरांनी एक जुनी चादर पसरून तिच्यावर खडूने भारताचा किनारा काढला. मग गोष्ट सांगितली. जानेवारी २०२२ मध्ये याच वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवून तिला सोडलं होतं. महाराष्ट्रात असं पहिल्यांदाच झालं, म्हणून तिचं नाव प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरला बागेश्री आणि गुहा या दोघींना यंत्रं बसवली, तर बागेश्री केरळ, मग श्रीलंका ओलांडून बंगालच्या उपसागरात गेली. तोवर बहुतेकांना वाटायचं की पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगळी आणि ओडिशाची वेगळी.

“आणि आता उलटं ऐका,” सर म्हणाले. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादीच्या परावर धातूचा बिल्ला लावला होता. नंबर ०३२३३. जानेवारी २०२५ मध्ये तोच बिल्ला गुहागरला दिसला. अंडी घालायला आली होती. भारताला वळसा घालून, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर.

धनेशने चादरीवर बोटाने सगळा किनारा चालून पाहिला. कन्याकुमारीला वळताना बोट थांबलं. “एकटी?” त्याने विचारलं. सर म्हणाले, एकटी. त्यानंतर पेन कुणी आणलं कळलं नाही, पण संध्याकाळी सगळ्यांच्या मनगटावर ०३२३३ लिहिलेलं होतं.

संध्याकाळी सहा. टोपल्या. नाही. या वेळी कुणी रडलं नाही.

दिवस तिसरा

सकाळीही नाही. किनाऱ्यावरून परत न येता तिथेच काम करायचं ठरवलं. दोरीने शंभर पावलांचा पट्टा आखून त्यातला कचरा उचलायचा, आणि नुसता उचलायचा नाही, तर प्रकार पाडून मोजायचा. सत्तावीस चपला सापडल्या, त्यात एकही जोड नव्हता. बाटल्यांची बुचं, थर्माकोलचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या, एक औषधाचं इंजेक्शन (ते ताईने काठीने वेगळं काढलं), आणि सगळ्यांत जास्त काय, तर नायलॉनची जाळी. दोन बोटांएवढ्या तुकड्यापासून ते चौघांना ओढावं लागलं एवढ्या गठ्ठ्यापर्यंत. समुद्रात हरवलेलं जाळं कुजत नाही, ते मासे धरतच राहतं, कुणी काढणारं नसलं तरी. कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं. जाळ्यात अडकलं की ते बुडून मरतं. समुद्रातला प्राणी बुडून मरतो हे मुलांना आधी खरंच वाटेना.

तिथून चाललेले एक मच्छीमार काका थांबले. त्यांनी सांगितलं की आता जाळ्यात कासव आलं आणि जाळं कापून सोडलं, तर सरकार भरपाई देतं, पंचवीस हजारांपर्यंत. ही योजना महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. “पण फोटो काढायला लागतो,” काका म्हणाले, “आणि कासव तोवर थांबत नाही.” आम्ही सगळे हसलो, पण जाळं म्हणजे त्यांचं पोट आहे, हे त्यांच्या हातांकडे बघून कळत होतं. त्यांनी गठ्ठ्यातला एक तुकडा उचलून गाठ दाखवली: “ही आमच्याकडची नाही. हे लांबचं जाळं आहे.”

दहाच्या सुमारास ओहोटी लागली, तशी खाडीच्या बाजूला कांदळवन पाहायला गेलो. गुडघाभर चिखल. इथे मात्र हात मागे नव्हते. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली असतात. चिखलात हवा नसते, म्हणून झाड नाक वर काढून श्वास घेतं. सरांनी तिवराचं पान चाटायला दिलं: खारट! झाड नको असलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. कांदळाची बी झाडावरच रुजते आणि लांब शेंगेसारखी खाली सुटते. शेकरूने एक पडलेली शेंग उचलून भाल्यासारखी फेकली आणि ती चिखलात उभी रुतली. “अगदी बरोबर,” सर म्हणाले, “झाड हेच करतं.” पांढऱ्या चिप्पीला २०२० मध्ये राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला, हे त्यांनी सांगितलं तेव्हा निम्मी मुलं कमरेपर्यंत चिखलात होती आणि ऐकत नव्हती. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

संध्याकाळी त्या दिवशी मी मुद्दाम मुलांच्या मागे उभी राहिले. गर्दी वाढली होती, शनिवार होता, पुण्या-मुंबईच्या गाड्या आलेल्या. दादांनी सत्तावीस नंबरची टोपली उचलली.

टोपलीखालची वाळू मधोमध खचली होती, जणू खालून कुणी चाळणीतून घसरवली असावी. मग त्या खळग्यात एक काळसर नाक दिसलं. त्याच्यामागे अजून एक. क्षणभर काहीच हाललं नाही. मग सगळी वाळूच उकळायला लागल्यासारखी झाली आणि एकमेकांच्या पाठीवरून, डोक्यावरून, वाळूने माखलेली पिल्लं वर येऊ लागली. तळहाताच्या निम्म्याएवढीसुद्धा नाहीत. कवचावर बारीक बारीक उंचवटे, डोळ्यांभोवती वाळूचे कण, नाकाच्या टोकावर अंडं फोडायचा इवलासा दात. दादांनी हातमोजे घालून एकेक मोजत टोपलीत घेतलं. त्र्याहत्तर.

टोपली पाण्यापासून काही अंतरावर आडवी केली. पाण्यात थेट का नाही सोडत, हे आदल्या दिवशीच विचारून झालं होतं: त्यांना ही वाळू स्वतः चालू द्यायची. इथली ओळख घेऊनच ती जातात आणि माद्या मोठ्या झाल्यावर याच भागात परत येतात, असं मानलं जातं. दोरीच्या या बाजूला चौदा मुलं, चौदांचे हात मागे. पिल्लं चालत होती, थांबत होती, उलटी होत होती. एक पिल्लू कुणाच्या तरी पावलाच्या खड्ड्यात पडलं आणि त्याला बाहेर येता येईना. कुर्ली पुटपुटत राहिला, “वर ये ना, वर ये ना.” मी त्याच्या पाठीमागे बघत होते. त्याने उजव्या हाताने डाव्या हाताचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. पिल्लाला पाच वेळा प्रयत्न करावा लागला. सहाव्या वेळी ते वर आलं, आणि पुढच्याच लाटेने त्याला उचललं.

त्याच वेळी आमच्या उजवीकडच्या एका गृहस्थांनी दोरीखालून हात घालून एक पिल्लू उचललं आणि आपल्या लेकीच्या हातावर ठेवून फोटो काढायला लागले. मला काही सुचायच्या आत टिटवी त्यांच्यासमोर गेली. ओरडली नाही. “काका, त्याच्याकडे थोडीच शक्ती असते. ती त्याला पोहायला लागणार आहे. खाली ठेवा ना.” त्यांनी ठेवलं. लेकीने लगेच आपले हात मागे बांधले. टिटवी परत आली तेव्हा तिच्या गळ्यातली शीर धडधडताना दिसत होती. मी तिला जवळ घेतलं, बाकी काही बोलले नाही.

हजारांत एखादंच पिल्लू मोठं होतं, असं म्हणतात. हे मुलांना सांगावं की नाही यावर आम्हा मोठ्यांत रात्री बरीच चर्चा झाली. सर म्हणाले, सांगायचंच. सकाळी सांगितलं. बराच वेळ शांतता होती, मग खंड्याने हिशेब मांडला: “म्हणजे दहा-बारा घरट्यांतून एक.” आणि किनाऱ्याकडे बघत म्हणाला, “मग सगळीच घरटी लागतील.”

दिवस चौथा

हा दिवस थोडक्यात सांगते. सकाळी बाणकोटचा किल्ला. जांभ्या दगडाची तटबंदी, खाली सावित्रीचं मुख, पलीकडे हरिहरेश्वर. हिंमतगड हे त्याचं जुनं नाव. इंग्रजांनी घेतल्यावर त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हणायला लागले. गावी परतताना नाना फडणवीसांचं मूळ गाव हेच, हेही सांगून झालं. मुलांना तटावरची पाल जास्त आवडली.

दुपारनंतर जवळच्याच एका गावची देवराई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, पाहिली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथे एका झाडाच्या ढोलीत धनेश पक्ष्याचं घरटं आहे, आणि गावकऱ्यांनी फोटोवाल्यांचा त्रास सोसलेला आहे. देवराईत शिरताना चपला बाहेर. आत एकदम गार. वड, बेहडा, सातवीण, आणि माणसाच्या मांडीएवढी जाड गारंबीची वेल, झाडाझाडावरून झोके घेत गेलेली. तिची शेंग सरांनी खाली पडलेली शोधली. कुर्लीच्या छातीपर्यंत आली. देवाच्या भीतीने असेना का, इथली काठीही कुणी नेत नाही. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी अशा देवराया गावोगाव फिरून नोंदल्या आणि विज्ञानाच्या जगाला त्यांचं मोल दाखवून दिलं.

ढोलीचं झाड दुरूनच दाखवलं. मादी आत स्वतःला लिंपून घेते, चोच मावेल एवढीच फट ठेवते, आणि नर तिला नि पिल्लांना फळं भरवत राहतो. आम्ही झुडपाआड बसलो. मुलं तब्बल पन्नास मिनिटं बोलली नाहीत. वाचनालयात पाच मिनिटं गप्प बसवताना मला घाम फुटतो. पंखांचा आवाज आधी आला, फुसफुस करत वाफेचं इंजिन जावं तसा. नर फांदीवर टेकला, गळ्यातून एकेक फळ चोचीच्या टोकाशी आणून फटीत देत गेला. आमच्या ‘धनेश’ने बोटांवर मोजलं: एकोणीस. परतताना तो म्हणाला, “मी हे नाव नुसतं दिसायला भारी म्हणून घेतलं होतं.”

काकूंनी त्या रात्री उकडीचे मोदक केले. मुलींबरोबर मुलांनीही कळ्या पाडल्या. पीठ मळताना काकू म्हणाल्या, पूर्वी या दिवसांत गावात म्हातारी माणसंच असायची, आता पाहुण्यांमुळे सुना थांबतात, दोघी-तिघी तर मुंबईहून परत आल्या.

दिवस पाचवा

निघायच्या दिवशी दादांनी आम्हाला लवकर बोलावलं. पिल्लं निघाल्यावर काही काळाने घरटं उकरून तपासतात: किती टरफलं, किती अंडी उबलीच नाहीत, आत कुणी अडकलंय का. सत्तावीस नंबरचं घरटं उकरायचं होतं. दादा पालथे पडले, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि मूठ मूठ टरफलं बाहेर काढायला लागले. कोंबडीच्या अंड्यासारखी कडक नाहीत, भिजून वाळलेल्या कागदासारखी, पांढरी, गुंडाळलेली. मुलं दहा-दहाचे ढीग करत होती. वास येत होता, ओलसर, खारट, थोडा कुजका. कुणी नाक दाबलं नाही. न उबलेली अंडी वेगळी. आणि अगदी तळाशी, वाळूत रुतलेलं एक पिल्लू, जिवंत. चौऱ्याहत्तरावं.

दादांनी ते वाळूवर ठेवलं. बराच वेळ ते हललंच नाही. सूर्य वर येत होता. दादांनी आपली सावली त्याच्यावर पडेल असं बसून घेतलं. मुलांनी ते पाहिलं आणि एकेक करून त्याच बाजूला येऊन उभी राहिली, सगळ्यांच्या सावल्या एकत्र. वाळूच्या उष्णतेवर घरट्यात नर निपजणार की मादी हे ठरतं, हे दुसऱ्या दिवशी शिकून झालं होतं. जास्त ऊब, तर माद्या. सुरंगी हळूच म्हणाली, “तळाशी गार असतं ना? मग हा मुलगा असेल.” दादा हसले. “असू शकेल.” पाऊण तासाने पिल्लू निघालं.

त्यानंतरचं सगळं घाईचं. बॅगा, हरवलेला एक टॉवेल, काकूंनी दिलेली कोकमं, फेरीची वेळ. काकूंच्या पाया पडताना मुलांना आवरता आवरेना. जाताना कुर्लीने दादांना विचारलं, “एकतीस नंबरचं कधी?” पाटीवर मार्चची बावीस तारीख होती. दादांनी मनात मोजलं. “मेच्या दहा तारखेच्या आसपास. कळवीन तुला.”

पुण्यात आल्यावर भित्तिचित्रांच्या जागी आम्ही वाचनालयात एक साधा फळा लावला. त्यावर मुलांनी तीन ओळी लिहिल्या: २७ – ७४. २९ – ९१, ही दुसरी ओळ आम्ही निघाल्यावर तिसऱ्या दिवशी भरली. तिसरी रिकामी होती: ३१ –.

कुर्ली रोज संध्याकाळी येऊन विचारायचा. दहा तारीख गेली, अकरा गेली. बारा मेला सकाळी माझ्या फोनवर दादांचा एवढाच निरोप आला: “३१ नंबर. ८६.”

त्याने फळ्यावर आकडा लिहिला, आणि म्हणाला, “विचारा ना, कधी निघाली? कोण होतं बघायला?” मी फोन लावला. मागून लाटांचा आवाज येत होता.

“पहाटेच,” दादा म्हणाले. “आता पाहुणे बंद झालेत. कुणी नव्हतं. मी एकटाच होतो.”